धार मोडली म्हणजे कोटिंग निघाली असे नव्हे

डबल काचेच्या खिडकीचे कोटेशन आले की त्यात बऱ्याचदा 'एज वर्क' अशी एकच ओळ असते. घरमालक समजतो, काठाचे सगळे काम त्यात आले. प्रत्यक्षात त्या ओळीखाली दोन वेगळी कामे असू शकतात आणि कित्येकदा त्यातले एकच झालेले असते. दोन्ही कामांत काठावर घासणारे चाक फिरते, दोन्हींत पांढरी भुकटी उडते. गोंधळ होतो तो त्यामुळेच.

पहिले काम म्हणजे धार मोडणे. कापलेल्या काचेच्या कडेवर बारीक टवके आणि केसाएवढ्या भेगा राहतात. अर्धी काच उन्हात तापते, अर्धी बाल्कनीच्या सावलीत थंड राहते, तेव्हा ताण येतो तो काठावर, आणि तडा अशाच एखाद्या टवक्यापासून सुरू होतो. म्हणून कडा घासून घ्यायच्या. काच टफन करायची, म्हणजे भट्टीत तापवून झटपट थंड करून मजबूत करायची असेल, तर हे भट्टीआधीच करावे लागते. टफन झालेल्या काचेची कड नंतर घासायला गेलात तर ती फुटण्याचीच शक्यता जास्त. या कामाची तपासणीही सोपी: उजेडात कड बघायची आणि हातमोजा घालून बोट फिरवायचे. यात सांगण्यासारखे फारसे काही नाही.

खरी मेख दुसऱ्या कामात आहे. ते म्हणजे एज डिलीशन, काठालगतची कोटिंग काढून टाकणे. हे काम कडेवर होत नाही. ते होते काचेच्या सपाट पृष्ठावर, काठालगतच्या अरुंद पट्टीत. सॉफ्ट कोट लो-ई काचेवर (उष्णता परतवणाऱ्या कोटिंगच्या काचेवर) निर्वात कक्षात चांदीचे अतिशय पातळ थर बसवलेले असतात, एकेक थर साधारण १० ते १५ नॅनोमीटरचा. ही बाजू दोन काचांच्या मधल्या पोकळीकडे ठेवतात, कारण चांदीला ओल आणि क्षार सोसत नाहीत. पण कोटिंग थेट काठापर्यंत तशीच राहिली तर पोकळीत बंद करूनही उपयोग नाही. दमट हवा कडेने शिरते, चांदी काळपट किंवा पांढुरकी होत आत सरकते. शिवाय सीलंट, म्हणजे दोन काचांच्या कडा बंद करणारा चिकट पदार्थ, काचेऐवजी कोटिंगला चिकटतो. कोटिंगचे थर एकमेकांपासून सुटले की घट्ट बसलेला सीलंटही त्यांच्यासोबत सुटतो. गोव्यातल्या मिरामार किंवा कांदोळीसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात हवेत मीठ असते आणि पावसाळ्यात आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, तिथे ही चूक लवकर उघडी पडते.

आता पट्टी किती रुंद हवी? समजा बाहेरचा सीलंट पॉलिसल्फाइड ६ मिलिमीटर आणि त्याच्या आतला सीलंट ब्युटाइल ४ मिलिमीटर आहे. तर कोटिंग जिथे संपते ती रेषा काठापासून ६ ते १० मिलिमीटरच्या दरम्यान, म्हणजे ब्युटाइलच्या पट्ट्याखाली पडली पाहिजे. ती ५ वर पडली तर पॉलिसल्फाइडखाली कोटिंग उरते. १५ वर पडली तर स्पेसरच्या (दोन काचांत अंतर ठेवणाऱ्या चौकटीच्या) आत वेगळ्या रंगाची रेघ दिसते आणि गिऱ्हाईक फोन करते. पट्टी चारही बाजूंना मोजावी, आणि कोपऱ्यांत तर नक्कीच, कारण चाक वळते तिथे कोटिंग राहून जाते.

पट्टी पांढुरकी दिसली म्हणजे साफ झाली असे धरू नये. बोथट चाक कोटिंग काढण्याऐवजी तिला नुसते घासून मंद करते. टॉर्च तिरका धरला तर उरलेल्या भागावर निळसर वा तपकिरी झाक दिसते. शिवाय मल्टीमीटर घ्यावा. चांदीतून वीज वाहते, म्हणून साफ पट्टीवर दोन्ही टोके टेकवली तर ओहमचा आकडा येता कामा नये. टोके दिसणाऱ्या भागावर मात्र टेकवू नका, ओरखडा पडतो. आणि मीटर गप्प राहिला तरी निर्धास्त होऊ नये. चांदीखालचे थर वीज वाहून न नेणारेही असू शकतात, त्यामुळे डोळ्यांची तपासणी टाळता येत नाही. सगळ्यात पक्की परीक्षा नमुन्यावर होते: सीलंट पूर्ण सुकल्यावर तो ओढून बघायचा. तो स्वतःतच फाटला तर ठीक. काचेवरून सालीसारखा निघाला तर त्या लॉटचे सीलिंग थांबवावे.

हार्ड कोट काच मात्र वेगळी. तिचा थर फ्लोट लाइनवरच, म्हणजे काच तयार होते तिथेच, ती तापलेली असताना बसवलेला असतो आणि तो बराच टिकाऊ असतो, त्यामुळे सहसा डिलीशन लागत नाही. तिच्यावर मल्टीमीटर आकडा दाखवेल, त्याने दचकू नये. कोटेशन घेताना म्हणूनच आधी विचारायचे, कोटिंग सॉफ्ट की हार्ड, आणि सॉफ्ट असेल तर 'एज वर्क'खाली डिलीशन वेगळे लिहून मागायचे.

जाता जाता: पावसाळ्यात एसी लावलेल्या खोलीच्या काचेवर बाहेरून दव धरले तर घाबरू नका. हात फिरवल्यावर ते पुसले जाते. दोन काचांच्या मध्ये धुके दिसले आणि दोन्हीकडून पुसूनही गेले नाही, तर मात्र सील गेले असे समजावे.