सराटा, सोल्युशन आणि जुन्या ट्यूबची पट्टी

पाऊस सरला की नाशिकजवळच्या मखमलाबादकडच्या द्राक्षबागांमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांच्या कडेला सराटा वाळायला लागतो. पावसाळ्यात ही वेल जमिनीला चिकटून पसरलेली असते. पाच पाकळ्यांची इवलीशी पिवळी फुलं, कोणी वळूनही बघत नाही. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन लांब आणि दोन आखूड काटे, आणि त्यांची मांडणी अशी की तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा आभाळाकडे रोखलेला राहतोच. घोडदळ अडवायला पूर्वी जमिनीवर लोखंडी काटे पेरायचे, ते याच घडणीचे. सराट्याला गोखरू म्हणतात, तसं त्या लोखंडी काट्यांनाही गोखरूच म्हणतात. इंग्रजीत तर या वेलीचं नाव सरळ ‘पंक्चर वाइन’ आहे. तिला बी दूरवर न्यायचं असतं. पूर्वी ते जनावरांच्या खुरांत रुतून जायचं, आता आपल्या सायकलच्या टायरमध्ये बसून जातं.

गेल्या दिवाळीनंतर एकाच फेरीत माझ्या मागच्या टायरमध्ये असे सहा काटे रुतले. पंचवटीत ज्या मामांकडे मी पंक्चर काढायला जाते, त्यांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवली आणि म्हणाले, “दोनच आहेत ताई. बाकीचे वरच्यावर अडकलेत.” मग जुन्या बनियनचं फडकं घेऊन ते टायरच्या आतून हळूहळू फिरवलं. जिथे काट्याचं टोक आत आलेलं, तिथे फडक्याचा धागा अडकला. बोटाने चाचपडण्यापेक्षा ही युक्ती किती चांगली, हे बोटात काटा भरून घेतलेल्या कोणालाही कळेल.

मामांचं ठिगळ विकतचं नसतं. निकामी ट्यूबचा तुकडा ते कात्रीने गोल कापतात. गोलच का? चौकोनी ठिगळाच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो आणि सुटायला सुरुवात तिथूनच होते. गोलाला कोपराच नाही. मग घासपेपर. ट्यूब कारखान्यातून येते तेव्हा तिच्यावर साचातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा थर आणि पावडर असते, आणि पुढे हाताचा तेलकटपणा चढतो. हे सगळं निघून आतलं रबर उघडं पडलं, खरबरीत झालं, तरच चिकटायला जागा मिळते. विकतच्या ठिगळाच्या खालच्या बाजूला एक वेगळा थर असतो. तो सोल्युशनमधल्या, म्हणजे ठिगळ चिकटवायच्या द्रवातल्या, रसायनांशी आणि ट्यूबच्या रबराशी जोडला जातो. जुन्या ट्यूबच्या तुकड्याला असा थर नसतो, म्हणून तो तुकडासुद्धा तितकाच घासावा लागतो. घरी लावलेली ठिगळं सुटतात ती बहुतेक इथेच. ट्यूब घासलेली असते, ठिगळ विसरलेलं असतं.

दुसरी चूक घाईची. सोल्युशन म्हणजे पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेलं रबर. तो द्रव दोन्ही पृष्ठभागांना किंचित फुगवतो आणि रबराच्या लांबच लांब रेणूंना एकमेकांत शिरायला वाट करून देतो. पण ठिगळ दाबण्याआधी तो उडून जायला हवा. ओलं असतानाच दाबलं तर द्रव मध्येच कोंडला जातो आणि सांधा कच्चा राहतो. मामा सोल्युशन लावून चार-पाच मिनिटं ट्यूबला हात लावत नाहीत. बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच बघायचं. चिकट लागलं पण बोटाला काही आलं नाही, की वेळ झाली.

झटपट चिकटणारा गोंद वापरून का चालत नाही, असं मला शाळेतली मुलं नेहमी विचारतात. तो गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो. ट्यूब मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला जमिनीपाशी दबते आणि पुन्हा सुटते. कडक थर तिच्यासोबत वाकू शकत नाही, म्हणून तडकतो. ठिगळाला ट्यूबइतकंच ताणता यायला हवं.

टायर फाटला असेल तर नेमकं उलटं. तिथे न ताणणारी वस्तू हवी, आणि हा फरक ध्यानात न घेतल्याने कितीतरी घरगुती इलाज फसतात. हिशोब करून बघा. साध्या सायकलमध्ये ५० पीएसआय हवा भरली म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन किलोचा रेटा. टायरला नखाएवढी चीर पडली तरी तेवढ्या जागेवर आतून कोणीतरी साडेतीन किलोचं वजन टेकवून बसल्यासारखं आहे. तिथे आतून नुसता ट्यूबचा तुकडा लावला, तर तो ताणतो, चिरेतून फुग्यासारखा बाहेर डोकावतो आणि रस्त्यावर घासून फुटतो. दुधाच्या पिशवीचंही तेच, कारण ते प्लॅस्टिकही ताणतं. हवं ते कापड, किंवा धागे असलेलं काहीतरी. दुकानात याला गेटर म्हणतात, आणि उत्तम गेटर निघतो तो फेकून दिलेल्या टायरमधून. टायरचा भार मुळात रबर पेलत नाही, रबरात गाडलेले नायलॉनचे किंवा सुताचे धागे पेलतात. बाहेरचं रबर धाग्यांना जपायला आणि रस्ता पकडायला. तळहाताच्या निम्म्या आकाराचा तुकडा कापायचा, कडा कानशीने पातळ करायच्या आणि आतून बसवायचा. डिंक लागतच नाही. ट्यूबमधली हवाच त्याला जागेवर दाबून धरते. बाहेरून लावलेल्या चिकटपट्टीला तीच हवा ढकलून काढते.

हवेचा टायर हाच मुळात घरगुती इलाज होता, हे मला फार आवडतं. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर फार हादरते म्हणून रबराची नळी केली, ती कापडाने चाकावर गुंडाळून बांधली आणि हवा भरली. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ सालीच अशा चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं होतं. रबराची नळी हवा धरायला आणि कापड फुगणं रोखायला, ही डनलॉपची वाटणी आजही प्रत्येक टायर-ट्यूबमध्ये तशीच आहे.

निकामी ट्यूबचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र कॅरिअरवर होतो. लांब पट्ट्या कापायच्या आणि भाजीचं पोतं, दुधाची किटली, कंपनीतला डबा काहीही बांधायचं. सातपूर-अंबडच्या कामगारांच्या सायकलींना ही पट्टी नाही असं क्वचितच दिसेल. सुतळी धक्क्यांनी सैल होते, ट्यूबची पट्टी होत नाही, कारण सामान खाली बसलं की तीही मागोमाग आखडते. आणि तिचं आखडणं लोखंडी स्प्रिंगसारखं नाही. रबराचे रेणू गुंतलेल्या दोऱ्यांसारखे वळलेले असतात. ताणलं की ते एका दिशेला रांगेत येतात. सोडलं की उष्णतेच्या धक्क्यांनी पुन्हा विस्कटतात, आणि त्या विस्कटण्याची ओढ म्हणजेच रबराचा ताण. म्हणून ताणलेलं रबर तापवलं तर लांबत नाही, जास्त आखडतं. इंग्लंडमधल्या केंडल गावच्या जॉन गॉफने १८०५ मध्ये हे टिपलं, आणि पुढे जेम्स जूल या शास्त्रज्ञाने ते बारकाईने मोजलं.

घरी करून बघा. रुंदसं रबर बँड ओठांना लावा आणि झटकन ताणा. ओठांना ऊब जाणवेल. ताणलेलंच काही क्षण तसंच धरून ठेवा, मग सैल सोडून लगेच ओठांना लावा. आता गार लागेल. वैशाखातल्या उन्हात कॅरिअरवर बांधलेली पट्टी दुपारी सैल पडत नाही, त्याचं कारण तुमच्या ओठांवर येऊन जातं. फक्त पट्टीवर अधूनमधून नजर ठेवा. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला चिरतो आणि भेगा ताणाला आडव्या पडतात. तशा दिसल्या की पट्टी बदलायची.

जून-जुलैत नाशिकला सायकल चालवायची तर मडगार्ड हवं, आणि ज्यांना नसतं ते पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमधून कापून घेतात. छान चालतं. फक्त ते कुठे लावायचं हे थेंबांना विचारायला हवं. थेंब चाकावरून सुटतो तो स्पर्शरेषेत. चाकाचा वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो, म्हणजे तुम्ही ताशी १५ किलोमीटरने जात असाल तर तो ३० ने. पाठीवरचा चिखलाचा पट्टा मागच्या चाकाच्या मागून वर उडालेल्या थेंबांचा. चपला आणि चेन भिजवणारं पाणी पुढच्या चाकाच्या मागच्या, खालच्या बाजूने येतं. म्हणून कॅनचा उरलेला तुकडा पुढच्या मडगार्डच्या टोकाला, जमिनीपासून वीतभरावर लोंबता लावला तर चेन बरीच कोरडी राहते. वरून तोंडासमोर लावलेल्या मोठ्या पत्र्यापेक्षा या लहान झालरीचा उपयोग जास्त.

एका घरगुती इलाजाची मात्र मला खरंच काळजी वाटते. मागच्या बाजूला जुनी सीडी लावायची आणि तिला रिफ्लेक्टर समजायचं. दिवसा ती सुंदर चमकते. तिच्यावरच्या वळ्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपट-पावणेदोनपट, म्हणून ती प्रकाशाचे रंग सुटे करून वेगवेगळ्या दिशांना फेकते. पण रात्री मागून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश ट्रकच्याच दिशेला परत जायला हवा, आणि सीडी आरशासारखी तो भलतीकडे पाठवते. खऱ्या लाल रिफ्लेक्टरच्या आत बारीक बारीक कोपरे असतात, प्रत्येकात एकमेकांना काटकोनात असलेले तीन पृष्ठभाग. त्यात शिरलेला किरण आपटत आपटत ज्या दिशेने आला त्याच दिशेला परततो. परीक्षा सोपी आहे. रात्री सायकल अंगणात उभी करा, तीसेक पावलं लांब जा, मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरा आणि डावी-उजवीकडे सरका. सीडी एखाद्या क्षणी चमकेल आणि विझेल. रिफ्लेक्टर तुमच्याकडे बघतच राहील. त्र्यंबक रस्त्याने दुसऱ्या पाळीतून परतणाऱ्या कोणत्याही सायकलला तो असायलाच हवा, आणि तो वीस-तीस रुपयांत मिळतो.

ब्रेकच्या वायरवरही मी कधी काही प्रयोग करत नाही, आणि मामाही करत नाहीत. ती वायर म्हणजे बऱ्याच बारीक पोलादी तारांचा पीळ. ब्रेकच्या दांडीपाशी ती दर वेळी त्याच जागी वाकते आणि तारा एकेक करून थकून तुटतात. बरेच दिवस ब्रेक लागतोही, कारण उरलेल्या तारा भार वाटून घेतात. प्रत्येक तार तुटली की उरलेल्यांवरचा भार वाढतो आणि शेवटच्या काही तारा एकदम जातात, तेही नेमका ब्रेक जोरात दाबल्यावर. दांडी दाबून वायरच्या बोंडाजवळ बघा. एक जरी तार केसासारखी बाहेर आलेली दिसली, तरी पूर्ण वायर नवी टाकायची.