मूसच्या शिकारीचे जुने काडतूस

स्वीडनच्या जंगलांत दर शरद ऋतूत मूस या महाकाय हरणाची परवान्याने शिकार होते. मोठ्या नराचे वजन चारशे किलोंच्या पुढे जाते, तरीही त्यासाठी तेथे आजही सर्रास वापरले जाणारे ६.५ × ५५ (गोळीचा व्यास सुमारे ६.५ मिलिमीटर, कवचाची लांबी ५५ मिलिमीटर) हे काडतूस मुळात १८९४ च्या सुमारास स्वीडन व नॉर्वे यांच्या सैन्यांसाठी घडवलेले आहे आणि आजच्या मॅग्नम, म्हणजे जास्त स्फोटक दारू भरलेल्या जोरदार काडतुसांपुढे ते अगदीच सौम्य दिसते.

१०.१ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७७० मीटर वेगाने नळीबाहेर पडली, तर तिची गतिज ऊर्जा ३००० ज्यूलच्या आसपास भरते. अशाच एका मॅग्नम काडतुसाची, .३०० विंचेस्टर मॅग्नमची, ऊर्जा त्याच्या साधारण दीडपट असते. परंतु जनावर कोसळते ते हृदय किंवा फुप्फुसे फुटून मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे. म्हणून गोळी तेथवर पोहोचते का, हे आधी पाहावे लागते. वजनाच्या मानाने आडवा छेद लहान असल्यामुळे ६.५ ची लांब, बारीक गोळी स्नायू आणि बरगड्या भेदत खोलवर जाते.

नुसते खोल जाणेही पुरेसे नाही. लष्करी, टोकापर्यंत कठीण धातूने पूर्ण मढवलेली गोळी बारीक भोक पाडून आरपार निघून जाऊ शकते. शिकारीच्या गोळीचे टोक अनेकदा उघड्या शिशाचे असते. मांसात शिरताच ते मागे वळते, आणि जनावर सोलताना सापडलेली गोळी अळंबीच्या छत्रीसारखी पसरलेली दिसते. मात्र वेग फार असताना ती हाडावर आपटली तर तिच्या ठिकऱ्या उडतात आणि वेग फार मंदावला तर ती उमलतच नाही. दाट जंगलात शंभर मीटरच्या आतच बार टाकायचा असेल, तर मध्यम वेग हा दोष नसून सोय आहे.

कायदा फक्त किमान मर्यादा आखतो. जर्मनीत रो हरणासाठी १०० मीटरवर १००० ज्यूल, तर त्याहून मोठ्या खुरी प्राण्यांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि २००० ज्यूल लागतात.

वरची मर्यादा, माझ्या मते, खांदा ठरवतो. साडेतीन किलोंच्या रायफलीत मॅग्नमच्या धक्क्याची ऊर्जा ६.५ च्या दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. नेमबाजाला न सांगता त्याच्या रायफलीत रिकामे काडतूस भरून पाहावे: चाप ओढल्यावर नुसते ‘टक्’ होते, धक्का बसतच नाही, पण त्याला भ्यायलेल्या हाताने नळीचे टोक आधीच खाली झुकवलेले असते.