पोर्तुगीज क्रियापदांचे सिलॅबल आणि आघात

पोर्तुगीज क्रियापद सिलॅबलमध्ये, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांमध्ये, तोडणं आणि जोर कुठल्या सिलॅबलवर पडतो ते शोधणं, हा व्याकरणातला भाग दिसायला छोटा आहे पण कधीकधी काळ यावरच कळतो. फालार म्हणजे बोलणं, त्याचं 'ते बोलले' होतं फा-ला-रांव आणि 'ते बोलतील' हेही फा-ला-रांव, ऐकायला जवळपास सारखंच, फरक एवढाच की भूतकाळात जोर मधल्या 'ला'वर आणि भविष्यकाळात शेवटच्या 'रांव'वर. लिहिताना स्पेलिंग वेगळं असतं त्यामुळे वाचणारा सुटतो, ऐकणाऱ्याला मात्र जोरच पकडावा लागतो.

मूळ रूप एकदम सोपं. शेवटी र असतो आणि जोर शेवटच्या सिलॅबलवर, वर चिन्ह वगैरे सहसा नाही: फा-लार, को-मेर (खाणं), पार-तीर (निघणं). वर्तमानकाळात 'मी बोलतो' म्हणजे फा-लो, इथे जोर मागे 'फा'वर येतो, आणि 'आम्ही बोलतो' म्हटलं की परत पुढे सरकून फा-ला-मोस मधल्या 'ला'वर, हे सरकणं एकदा कानात बसलं की बाकीची नियमित क्रियापदं भराभर येतात. 'आम्ही बोलायचो' साठी फा-ला-वा-मोस, जोर शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर, आणि तो तिथे गेला की लिहिताना स्वरावर चिन्ह द्यावंच लागतं.

तोडताना प्रत्येक तुकड्यात एक स्वर हवाच. लिखाणात डबल र आणि डबल स मधून तुटतात, कोर-रेर (धावणं), पास-सार, पण ल्य आणि न्य हे आवाज दोन अक्षरांनी लिहिले तरी तुटत नाहीत, म्हणून त्रा-बा-ल्यार (काम करणं), गा-न्यार (जिंकणं). खरी गडबड दोन स्वर शेजारी आले की होते. 'साइ' हा एकच सिलॅबल, म्हणजे तो बाहेर पडतो, आणि सा-ई असे दोन केले की मी बाहेर पडलो! लिहिताना फरक फक्त स्वरावरच्या तिरक्या रेघेचा. तसंच साबिया, जोर 'बि'वर असेल तर 'माहीत होतं', 'सा'वर दिला तर शहाणी बाई आणि शेवटी दिला तर ब्राझीलचा साबिया पक्षी.

मराठीत जोर बदलून असा अर्थ बदलत नाही त्यामुळे आपल्या कानाला ही सवयच नसते, म्हणून शिकताना सुरुवात ब्राझीलच्या उच्चारांनी केलेली बरी असं मला मनापासून वाटतं, कारण लिस्बनकडे जोर नसलेले स्वर इतके गिळतात की ते-ले-फो-नार (फोन करणं) मधले कागदावरचे चार सिलॅबल बोलताना पूर्ण ऐकूच येत नाहीत.