‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधील वर्गभेद

चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) यांची ही कादंबरी त्यांच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. केंटच्या दलदलीच्या मुलखात लोहार मेव्हण्याकडे, जो गार्जरीकडे, वाढलेल्या पोरक्या पिपला अज्ञात दात्याकडून पैसा मिळतो आणि तो ‘जंटलमन’ व्हायला लंडनला जातो.

जंटलमन जन्माने ठरतो की पैशाने, हा त्या समाजाचा पेच होता. व्यापार-कारखानदारीत गबर झालेला वर्ग जुन्या घराण्यांच्या पंक्तीला बसू पाहत होता, पण पंक्तीचे नियम अजब होते. लहानगा पिप जिच्या वाड्यावर जाई, त्या मिस हॅविशमची श्रीमंती बिअरच्या भट्टीची. लंडनमधला मित्र हर्बर्ट पॉकेट जेवताना पिपला सांगतो, की पाव भाजणारा प्रतिष्ठित असूच शकत नाही, बिअर गाळणारा मात्र खुशाल असू शकतो. असे का, हे त्यालाही सांगता येत नाही. त्याच जेवणात सुरी तोंडात घालायची नसते, हेही तो पिपला हळूच शिकवतो.

खरा उमराव कादंबरीत जवळजवळ नाहीच. बॅरोनेट या वंशपरंपरागत किताबाच्या वारसांत मोडणारा बेंटली ड्रमल आहे, तो तर निव्वळ ठोंब्या. वर्ग जाणवतो तो खालच्या पायऱ्यांवर. पत्ते खेळताना पिप गुलामाला ‘नेव्ह’ऐवजी ‘जॅक’ म्हणतो म्हणून मिस हॅविशमची मानलेली मुलगी एस्टेला त्याला हिणवते. त्याचे राठ हात आणि जाडेभरडे बूट तिच्या नजरेतून सुटत नाहीत. तोवर पिपला स्वतःच्या हातांची लाज कधी वाटलेली नसते. पुढे त्याला पैसा मिळाल्याचे कळताच ट्रॅब शिंपी पावाला लोणी लावायचे सोडून टेबलक्लॉथला बोटे पुसत उठतो. लंडनला भेटायला आलेला जो गार्जरी पिपला मधूनमधून ‘सर’ म्हणू लागतो, आणि त्याची टोपी शेकोटीवरच्या फळीवरून पुन्हापुन्हा पडते. वर्गभेदाचे इतके बोचरे चित्र डिकन्सने क्वचितच काढले असेल.

यामागे स्वानुभव होता. १८२४ मध्ये वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात असताना बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर डब्यांना लेबले चिकटवत होता. वाचकांना हे कळले ते त्याच्या मृत्यूनंतर, मित्राने लिहिलेल्या चरित्रातून.

पिपचा दाता निघतो मॅगविच, न्यू साउथ वेल्समध्ये हद्दपार होऊन तिथे कष्टाने पैसा कमावलेला कैदी. एस्टेला त्याचीच मुलगी. कायद्यापुढेही कपडे बोलतात: एकाच खटल्यात त्याच्या सुशिक्षित, नीटनेटक्या साथीदाराला, कॉम्पेसनला, सात वर्षे, मॅगविचला चौदा. पुढे बंदी मोडून इंग्लंडला परतलेला मॅगविच पकडला जातो. दोषी कैद्याची मालमत्ता तेव्हा सरकारजमा होत असे, त्यामुळे पिपचे जंटलमनपणही संपते. उरते ते कर्ज. त्यातले जवाहिऱ्याचे देणे १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्स. आजारी पिपची शुश्रूषा करून जो गार्जरी ते फेडतो आणि पहाटे न सांगता गावी निघून जातो.