थेरपीचा खर्च आरोग्य विम्यातून मिळतो का? पात्रता, कागदपत्रे आणि क्लेमची पद्धत

आधी उत्तर. मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर तो खर्च आरोग्य विम्यात बसतो. दर आठवड्याला तासभर थेरपिस्टकडे जाऊन येता, ती फी मात्र बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार शारीरिक आजारांना जसा विमा, तसाच मानसिक आजारांनाही द्यावा लागतो. विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआयने ऑगस्ट २०१८ मध्ये विमा कंपन्यांना तसं कळवलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. त्यामुळे ‘मानसिक आजार आमच्याकडे कव्हर होत नाही’ असं एजंट सांगत असेल, तर त्याच्याकडून ते लेखी मागा. बहुधा मिळणार नाही. पण साध्या पॉलिसीत सर्दी-तापासाठी डॉक्टरांना दिलेली फी तरी कुठे मिळते? ती ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार, आणि थेरपीचं सेशनही ओपीडीच. कायदा समान वागणूक देतो, ओपीडी कव्हर देत नाही.

सेशनचे पैसे कधी मिळतात?

पॉलिसीत ओपीडी कव्हर असेल आणि त्यात समुपदेशन किंवा सायकोथेरपीचा स्पष्ट उल्लेख असेल, तर मिळतात. हे कव्हर घेताना जादा हप्ता आणि वर्षाची मर्यादा शेजारी मांडून बघा. चार हजार जादा भरून पाच हजारांची मर्यादा मिळत असेल, तर तो सौदा माझ्या मते घेण्यासारखा नाही.

दुसरा मार्ग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रुग्णालयातून घरी आल्यावर ठरावीक दिवस, अनेक पॉलिसींत ६० दिवस, त्याच आजाराचा पुढचा खर्च मिळतो. म्हणून डिस्चार्ज घेण्याआधीच डॉक्टरांना विनंती करा: ‘आठवड्यातून एकदा सायकोथेरपी’ हा सल्ला डिस्चार्ज कार्डावर लिहा. ती एक ओळ नसेल, तर नंतरच्या पावत्यांवर ‘या उपचारांचा संबंध काय?’ असा प्रश्न येतोच.

काही कंपन्या कर्मचाऱ्यांना ठरावीक सेशन मोफत देतात. त्याचा विम्याशी संबंध नसतो. एचआरला विचारायला काहीच हरकत नाही.

पात्रता

पॉलिसी घेण्याआधीपासून आजार असेल, तर त्यासाठी प्रतीक्षा कालावधी लागतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत तो सहसा नसतो. प्रपोजल फॉर्ममध्ये नैराश्याच्या गोळ्या लपवू नका. ‘कशाला लिहायचं, प्रीमियम वाढेल’ हा सल्ला देणारा क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही. दारू किंवा अमली पदार्थांच्या व्यसनावरचे उपचार अनेक पॉलिसींत वगळलेले असतात. हे सगळं पॉलिसीसोबतच्या ग्राहक माहिती पत्रकात सापडतं.

कागदपत्रे

ओपीडी क्लेमसाठी मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी लागते. त्यावर निदान आणि थेरपीचा सल्ला, दोन्ही हवेत. पावतीवर रुग्णाचं नाव, प्रत्येक सेशनची तारीख आणि फी, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. ‘काउन्सेलिंग चार्जेस ८,०००’ एवढंच लिहिलेली पावती परत येते आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट ही पावती नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. चांगलं काम करणाऱ्या अनेक समुपदेशकांकडे ती नसते, म्हणून पहिल्या सेशनआधीच विचारून घ्या.

दाखल झाल्यास कॅशलेससाठी (विमा कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देते ती सोय) रुग्णालयातल्या टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, डेस्कवर पॉलिसी कार्ड आणि ओळखपत्र द्या. मे २०२४ च्या आयआरडीएआय परिपत्रकानुसार मंजुरीचा निर्णय एका तासात, तर डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत व्हायला हवी. आधी स्वतः पैसे भरले असतील, तर क्लेम फॉर्म, मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट आणि रद्द केलेला चेक लागतो. मूळ कागद देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स काढून ठेवा.

ऑफिसला निदान कळेल ही भीती खरी असते. अशा वेळी कागद एचआरच्या ईमेलवर पाठवू नका, थेट टीपीएच्या पोर्टलवर चढवा.

क्लेम नाकारला तर

कोणत्या कलमाखाली नाकारला, ते लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करायला हवा.

विमाच नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. जिल्हा रुग्णालयांतले मानसोपचार विभाग आणि येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं हे सरकारी पर्याय आहेत, गोव्यात बांबोळीचं सरकारी मनोरुग्णालय. तिथे ओपीडीत दाखवायला विम्याचा एकही कागद लागत नाही.