ऑरेंज (रंगवाचक शब्द)

ऑरेंज : तांबडा व पिवळा यांच्या मधल्या रंगाचे इंग्रजी आणि फ्रेंच नाव. मुळात हे फळाचे नाव. त्याचा उगम संस्कृत ‘नारंग’ या शब्दात असल्याने मराठी नारिंगी आणि युरोपातील ऑरेंज हे शब्द एकाच कुळातले ठरतात.

फळ येईपर्यंत पश्चिम युरोपात या रंगाला स्वतंत्र नाव नव्हते. रंग दिसत होताच, पण तो तांबड्यात किंवा पिवळ्यात मोजला जाई. जुन्या इंग्रजीत त्यासाठी ‘पिवळा-तांबडा’ असा जोडशब्द होता. १४व्या शतकातील कवी चॉसर कोल्ह्याचे वर्णन करताना त्याचा रंग ‘पिवळा आणि तांबडा यांच्या मधला’ असे सांगतो. नारिंगी छातीच्या रॉबिन पक्ष्याला इंग्रजीत आजही ‘तांबड्या छातीचा’ म्हणतात, ती या जुन्या वाटणीचीच खूण आहे.

नारंग हा शब्द संस्कृतात द्राविडी भाषांतून आला असावा, असे मानतात; मल्याळममध्ये लिंबाला ‘नारंगा’ म्हणतात. फारसीत नारंग, अरबीत नारंज असा प्रवास करत, अरबांनी सिसिली आणि स्पेनमध्ये लावलेल्या कडू नारिंगांबरोबर तो युरोपात उतरला. स्पॅनिश ‘नारांखा’ व हंगेरियन ‘नॉरॉन्च’ यांत आरंभीचा ‘न’ शाबूत आहे. पोर्तुगीजांनी त्याचा ‘ल’ केला. इटालियनमध्ये मात्र ‘ऊना’ या उपपदाच्या शेवटच्या ‘न’मध्ये तो विरून गेला आणि ‘आरान्चा’ उरले. फ्रेंचमध्ये आरंभी ‘ओ’ आला, तो सोन्यासाठीच्या ‘ऑर’ या शब्दाच्या प्रभावाने, असे सांगतात. ‘न’ इंग्रजीत गळाला, ही लोकप्रिय समजूत चुकीची आहे. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचकडून घेतला तेव्हाच तो ‘न’विना होता. इंग्रजीत रंगासाठी त्याचा वापर १६व्या शतकाच्या आरंभापासून आढळतो.

गोड संत्री नंतर आली, तीही मोठ्या प्रमाणावर पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत, आणि नावांना दुसरे वळण लागले. ग्रीकमध्ये कडू फळ ‘नेरांजी’च राहिले, गोड फळ पोर्तुगालच्या नावावरून ‘पोर्तोकाली’ झाले आणि रंगाने हेच नाव उचलले. रोमानियन ‘पोर्तोकालिउ’ त्याच वाटेने आला. उत्तरेत फळाला ‘चीनचे सफरचंद’ म्हणू लागले : डच ‘सिनासआपेल’, जर्मन ‘आपफेलझिने’, रशियन ‘आपेल्सिन’. यातून गंमतीदार जोड्या तयार झाल्या. डच आणि रशियन भाषांत फळाचे नाव चीनवरून, रंगाचे मात्र नारंगाच्या कुळातले : ‘ओरान्ये’, ‘ओरांझेवी’. आइसलँडिकमध्ये रंगही चीनच्या सफरचंदावरूनच ओळखला जातो, पण शेवटी ‘पिवळा’ जोडून. हंगेरियनही नॉरॉन्चपुढे ‘पिवळा’ लावते. अशा शब्दांत नवा रंग अजून पिवळ्याच्या घरातच राहतो, आणि म्हणूनच ते मला सर्वांत बोलके वाटतात.

डच राजघराण्याचे ऑरेंज हे नाव मात्र फळावरून आलेले नाही. दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज शहराचे रोमन काळातील नाव आराउसिओ होते. ते एका केल्टिक जलदेवतेचे नाव. उच्चार झिजत झिजत ते फळाच्या नावाशी एकरूप झाले. १५४४ मध्ये नासाउच्या विल्यमला या संस्थानाचा वारसा मिळाला, आणि नावाशी जुळणारा रंग पुढे घराण्याची खूण बनला. १७१३ मध्ये शहर फ्रान्सकडे गेले तरी किताब व रंग डचांकडेच राहिले. याच घराण्यातील तिसरा विल्यम इंग्लंडचा राजा झाला आणि १६९० मध्ये आयर्लंडमधील बॉइनची लढाई त्याने जिंकली. तेथील प्रॉटेस्टंटांनी त्याचा रंग आपला मानला. १८४८ मध्ये पुढे आलेल्या आयरिश तिरंग्यातील तिसरा पट्टा त्यांच्यासाठी आहे.