बसून खाल्लं नाही: आजीच्या आठवणींची पार्श्वभूमी

आठवणी जमवायला घेतल्या तेव्हा एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी आलं: आजीनं कधी बसून खाल्लं नाही. खरं तर ती जन्मभर बसूनच होती, डावा पाय समोर लांबवून. तो गुडघ्यात वाकतच नव्हता. शेंगा फोडणं, कणसं खुडणं, जात्यावर डाळ भरडणं, घरातली आणि रानातली जेवढी बैठी कामं तेवढी तिच्या वाट्याला. त्या पायामागची आणि त्यावरून घरात झालेल्या वादाची हकीकत इथे देतो. बाकीचं ज्यानं त्यानं आपापलं लिहिलंच आहे.

गुडघा गेला तो नारूनं, म्हणजे अंगात वाढणाऱ्या दोऱ्यासारख्या जंतानं, १९५७च्या सुमारास. बीडकडच्या आमच्या डोंगरपट्ट्यात तेव्हा पिण्याचं पाणी बारवेचं. पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभं राहून घागर भरायची. ज्याच्या पायाला नारूचा फोड, त्याचेही पाय त्याच पाण्यात. अळ्या पाण्यातल्या बारीक किड्यांत शिरायच्या, किडे पाण्यावाटे पोटात, आणि वर्षभरानं हात-दीड हात लांब, शेवईसारखा नारू कातडीतून डोकं काढायचा. पाणी दुपदरी फडक्यातून गाळलं असतं तरी टळलं असतं. पण नारू होतो तो पाण्यामुळे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. उपाय म्हणजे नारूचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज बोट-अर्धं बोट ओढायचं. घाई केली की तुटतो. आजीचा पेरणीच्या तोंडावर तुटला, तोही गुडघ्यापाशी. आत पू झाला, सूज महिनाभर हटली नाही, आणि ओसरली तेव्हा सांधा आखडलेला होता. नारू निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९८०नंतरची. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. बारवेत उतरू नका म्हणून सांगायला माणसं आली तेव्हा आजीच्या हातात काठी येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती.

१९७२च्या दुष्काळाबद्दल घरात सगळेच भरभरून बोलतात, तेव्हा थोडक्यात. १९७३च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात आजी खडी फोडायला. पाटी उचलणं तिला जमत नव्हतं, खडी मात्र बसून फोडायची असते. बोटांना चिंध्या गुंडाळून ती दिवसभर फोडायची आणि ढीग ब्रासवर मोजून मजुरी मिळायची. पाय कसा आहे हे कुणी विचारत नव्हतं, ढीग किती ते बघत होते. माझ्या मते तिच्या अख्ख्या आयुष्यात सरकारी कारभारानं तिला दिलेली सगळ्यात सरळ वागणूक हीच. मुकादम मापात मारायचा, पण तो सगळ्यांचंच मारायचा.

आता वादाचं. ‘निराधार’ हा शब्द नसता तर तो झालाच नसता. निराधारांना दरमहा अनुदान देणारी राज्याची योजना १९८० सालची. तिच्यात विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजारी आणि अपंग, सगळे एकाच नावाखाली. गावात तिला ‘निराधारचा पगार’ म्हणतात. अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यानं ४० टक्के अपंगत्वाची अट घातली, दाखल्यांची चर्चा गावोगाव सुरू झाली, आणि १९९८ साली आत्या आजीला सिव्हिलला घेऊन गेली. तीन हेलपाटे झाले. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि ‘अस्थिव्यंग’ लिहून दाखला दिला. आत्याला पगाराचा अर्ज करायचा होता. थोरले चुलते उसळले: “दोन लेकरं जित्ती असताना माय निराधार? गावात तोंड कसं दाखवायचं?” आत्याचं म्हणणं, पैसे पायाचे मिळतात, लेकरांचे नाही.

चुलत्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, तलाठ्यापुढे घरची गरिबी सांगावी लागते, आणि आमची नऊ एकर कोरडवाहू कागदावर दिसायला बरी होती. पण ते उत्पन्नाबद्दल एकदाही बोलले नाहीत. त्यांना टोचला तो शब्द. सातबाऱ्यावर आजीचं नाव नव्हतं, बाजाराचे पैसे तिला मागून घ्यावे लागत. मग तिचा आधार नेमका कुठला, हे आत्यानं विचारलं. त्याला उत्तर मिळालं नाही. अर्जही झाला नाही. दाखला एसटीच्या ७५ टक्के सवलतीपुरता कामी आला. वर्षातून दोनदा आजी आत्याकडे जायची, दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या चंचीत खोचून.

मोजणीतही तिची जागा कधी लागली नाही. १९३१पर्यंतच्या जनगणनांत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी मोजत, लंगडे नाहीत. त्यानंतर पन्नास वर्षं हा रकानाच नव्हता. १९८१ साली आला तो ‘पूर्ण’ आंधळे, ‘पूर्ण’ मुके आणि ‘पूर्ण’ पंगू यांच्यासाठी. २००१ला पाच प्रकार झाले, २०११ला आठ. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारदरबारी रुळला तेव्हा ती नव्हती.

२०११च्या फेब्रुवारीत गणक घरी आला तेव्हा मी तिथेच होतो. ज्वारीची काढणी चालू होती. घरात कुणी अपंग आहे का, असं त्यानं विचारलं. चुलते म्हणाले, “नाही, तसं कुणी नाही.” आजी अंगणात कडब्याच्या पेंढीला टेकून, पाय लांबवून कणसं खुडत होती. तिनं मान वर केली नाही. गणकानं चहा घेतला आणि जाताना तिच्या पायाला वळसा घालून गेला.